तीन रजिस्टरं आणि मुकादमाचा नंबर

बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच महिन्यात ग्रामपंचायतीत बैठक लावली, सकाळी अकराला. सोयाबीनची काढणी चालू होती. आले कोण? मी, शिपाई आणि अंथरलेल्या सतरंज्या. संध्याकाळी आशाताई म्हणाल्या, "मॅडम, लोकांना बोलवू नका. लोक जमतात तिथं आपण जाऊ."

नव्याने रुजू होणाऱ्यांना मी आधी हेच सांगते. गावात जाळं असतंच: आशा, अंगणवाडी सेविका, एएनएम म्हणजे उपकेंद्राची आरोग्यसेविका. तिघींची रजिस्टरं मात्र एकत्र उघडली जात नाहीत. लसीकरणाचं सत्र संपलं की अर्धा तास तिघींनी मिळून बसा, नावं मोठ्याने वाचा.

अशाच एका दुपारी दीड वर्षाच्या एका मुलीचं नाव निघालं. सेविकेच्या वहीत वजन दोन महिने तेवढंच. एएनएमकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस बाकी. आणि आशाताईंना ठाऊक होतं, की हे घर दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणार. आम्ही लगेच घर गाठलं. दंडाला पट्टी लावली: ११.४ सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण; त्यावर पिवळी, म्हणजे मध्यम. आई म्हणाली, "उचल घेतलीय ताई, थांबू कशी?"

नवरा-बायको मिळून एक कोयता. ती थांबली तर कोयता मोडतो. म्हणजे निर्णय एकट्या आईचा नव्हताच, उचल देऊन टोळी नेणाऱ्या मुकादमाचाही होता, आणि त्याचं नाव आमच्या कुठल्याच यादीत नव्हतं. आशाताईंचे दीर त्याला ओळखत होते. त्यांना घेऊन गेलो, पट्टी समोर ठेवली. त्याने तिला मागून यायची मुभा दिली. मायलेकी पोषण पुनर्वसन केंद्रात राहिल्या, डोसही झाला.

शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं आरोग्याच्या कामात ओढली. तिथं एकदा जाऊन या. आरोग्याच्या कामात शेतकऱ्याचं काय काम, हा प्रश्न मलाही पडायचा, मुकादमाच्या ओसरीवर बसेपर्यंत.

आता दसऱ्यालाच आम्ही यादी करतो: कोणतं घर, कोणता कारखाना, मुकादमाचा नंबर. माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या पिशवीत आहे ना, हे स्वतः बघतो. कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करून तिथल्या आशाताईंना कोप्यांचा, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांचा, ठिकाणा सांगतो. फेब्रुवारीत एकीचा फोन आला, "तुमच्या पोरीची पट्टी पिवळी आलीय. पुढच्या महिन्यात परत मोजते."