टाकीचे इंडिकेटर दिवे: ट्रुथ टेबल बरोबर, तरी सर्किट का फसतं? या चुका टाळा

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरलंय, हे खाली घरात दिव्यांवर दिसणं फार मोलाचं आहे. पॉलिटेक्निकच्या मुलांनी पहिला प्रोजेक्ट हाच घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

टाकीत तीन प्रोब, म्हणजे पाणी लागलं की कळवणाऱ्या तारा, सोडायचे: तळाशी क, मध्ये ख, वर ग. कॉमन वायर तळाला, ५ व्होल्टवर. प्रोबला पाणी लागलं की १, नाही तर ०. एवढ्याचं ट्रुथ टेबल, म्हणजे कोणत्या इनपुटला कोणतं आउटपुट याचा तक्ता, सहसा चुकत नाही. चुकतं ते इनपुटला आणि दिव्यापाशी.

टाकी कोरडी असूनही दिवा लुकलुकतो, वायरजवळ बोट नेलं की पेटतो? मग आयसी बदलत बसू नका, इनपुट मोकळं आहे. सीमॉस गेटचं (७४एचसी मालिकेतल्या आयसीत असतं तसं) मोकळं इनपुट म्हणजे शून्य नव्हे. प्रत्येक प्रोबच्या वायरीवरून ग्राउंडला १०० किलोओहमचा रेझिस्टर टाका. आपल्याकडच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला तेवढा पुरतो. आरओच्या पाण्यासाठी जास्त किमतीचा लागतो. न वापरलेल्या गेटची इनपुटंही ग्राउंडला जोडा.

मोटार चालू असताना पाणी हेलकावतं आणि दिवा फडफडतो. तिथं ७४एचसी०४ हा साध्या इन्व्हर्टरचा (१ चा ० आणि ० चा १ करणारा) आयसी असेल तर तो काढून ७४एचसी१४ बसवा. पिना त्याच, पण हा श्मिट ट्रिगर आहे, म्हणजे त्याची १ आणि ० ओळखायची पातळी वेगवेगळी असते, त्यामुळं थोड्या चढउतारानं तो फडफडत नाही. त्यात सहा इन्व्हर्टर असतात: तीन प्रोबचे सिग्नल उलटे करायला, तीन पुन्हा सुलटे करायला. एकाच आयसीत काम भागतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची चूक. ख ओला आणि क कोरडा, असं होऊच शकत नाही म्हणून कार्नो मॅपमध्ये (लॉजिक सोपं करायच्या चौकटीत) त्या ओळी डोन्ट केअर, म्हणजे आउटपुट काहीही चालेल अशा, धरतात. परीक्षेत ते चालतं. पण प्रत्यक्षात प्रोबवर क्षारांचा थर बसतो, वायर तुटते, आणि नेमकं तसंच होतं. मग अर्धी टाकी भरलेली असूनही ‘रिकामी’चा दिवा लागतो आणि घरचे टँकरला फोन करतात. त्या ओळींना वेगळा बिघाडाचा दिवा द्या: क नाही आणि ख आहे, किंवा ख नाही आणि ग आहे. दोन अँड आणि एक ऑर गेट, बस्स.

एलईडी रेझिस्टरशिवाय जोडू नका. ५ व्होल्टवर लाल एलईडीला १ किलोओहम दिला तर साधारण ३ मिलिअँपिअर जातात. घरात दिसायला तेवढा उजेड पुरे. ७४एलएस मालिका असेल तर दिवा ५ व्होल्ट आणि आउटपुट यांच्यामध्ये जोडा, कारण ती करंट ८ मिलिअँपिअरपर्यंत ओढते पण देते फक्त ०.४. अर्थात मग आउटपुट ० असताना दिवा लागेल, तेव्हा लॉजिक उलटं करून घ्या. मोठा दिवा हवा असेल तर मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर घाला.

प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याच्या पिनांलगत १०४ नंबरचा (०.१ मायक्रोफॅरॅडचा) कपॅसिटर हवाच.

तरीही चालत नसेल तर मल्टिमीटर ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीच्या) पुरवठ्याच्या पट्टीवर न लावता थेट आयसीच्या १४ (५ व्होल्ट) आणि ७ (ग्राउंड) नंबरच्या पिनेवर लावा. लांब ब्रेडबोर्डची पट्टी पुष्कळदा मध्यावर तुटक असते आणि अर्ध्या आयसींना पुरवठाच पोचलेला नसतो.