मॅट मर्डॉकची दिवसाची नोकरी

बारावीनंतर आमच्या घरात एकच विषय होता: मी सेमिनरीत, म्हणजे पाळक व्हायच्या शिक्षणाला, जाणार की नाही. चर्चच्या तरुण संघात पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, म्हटलं की झगा आणि पुलपीट, असंच सगळे धरून चालायचे. मला चार माणसांपुढे उभं राहून उपदेश करायचा म्हटलं की घाम फुटायचा. देवाने आपल्याला बोलावलंच नाही, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

त्या सुट्टीत मावसभावाची कॉमिक्स हाती लागली. स्पायडरमॅनची १९६२ची पहिली गोष्ट वाचली. ताकद आल्यावर पीटर आधी करतो काय, तर कुस्ती मारून पैसे कमावतो, टीव्हीवर झळकतो. समोरून चोर पळतो, तर 'माझं काय जातंय' म्हणून जाऊ देतो. तोच चोर पुढे बेनकाकांचा जीव घेतो. ज्याला पुष्कळ दिलं त्याच्याकडून पुष्कळ मागितलं जाईल, हे बायबलमधल्या लूकच्या १२व्या अध्यायातलं वचन पाठ म्हणून मी संडे स्कूलमध्ये बक्षीस घेतलं होतं. बोचलं मात्र त्या दुपारी.

वाट दाखवली डेअरडेव्हिलने, म्हणजे कॉमिक्समधल्या मॅट मर्डॉकने. आंधळा, कॅथलिक, न्यूयॉर्कच्या हेल्स किचनमधला. सगळे त्याच्या रात्रीच्या मारामाऱ्यांवर खूश. मला त्याची दिवसाची वकिली भावली. पाळकसाहेबांना भीतभीत सांगितलं. ते हसले नाहीत. बायबलमधला निर्गमाचा चौथा अध्याय उघडून म्हणाले, "देव मोशेला विचारतो, तुझ्या हातात काय आहे? मेंढरं हाकायची काठी होती. तुझ्या हातात काय आहे रे?" माझ्या हातात वडिलांच्या जमिनीच्या खटल्याचे कागद होते, नववीपासून मीच ते वाचून दाखवायचो.

सीईटी दिली, पाच वर्षांच्या लॉला गेलो. तुम्हीही जाणार असाल तर कॉलेजचं विधी सेवा केंद्र पहिल्याच वर्षी गाठा. मी तिसऱ्या वर्षी गेलो, दोन वर्षं फुकट घालवली. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, हे १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तिथेच कळतं, पुस्तकात नुसतं दिसतं.

पहिल्या तुरुंगभेटीत एक जण भेटला. जामीन मंजूर होऊन दोन महिने झालेले, तरी आतच. मी अगदी केप लावल्याच्या थाटात म्हणालो, "काळजी करू नका, मी आलोय." तो म्हणाला, "साहेब, ते राहू द्या. आईला फोन लावाल का?"

बाहेर येऊन लावला. जामीन म्हणजे पंधरा हजार रोख भरायचे, अशी माउलीची समजूत. ती दोन महिने पैसे जमवत होती. हवा होता फक्त कागदपत्रं असलेला जामीनदार, आणि तिच्या भावाच्या नावावर सातबारा होता.