स्टिकलीच्या खुर्चीला पॉलिश पेपर लावण्याआधी

न्यू जर्सीत एस्टेट सेलला, म्हणजे घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे, गेलं की शंभरेक वर्षांपूर्वीची, चौकोनी दांड्यांची ओकची खुर्ची अधूनमधून हाती लागते. लगेच आपल्या माणसाला सागवानी झोपाळा आठवतो आणि तो म्हणतो, "घासून नवी करू!"

करू नका. अशा खुर्च्या बनवणारा अमेरिकन कारागीर गुस्ताव स्टिकली आणि त्याच्या काळातले इतर कारागीर ओकला नुसता रंग फासत नसत. बंद खोलीत तीव्र अमोनियाच्या वाफेत लाकूड ठेवत. ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्यावर वाफेची क्रिया होऊन तो तपकिरी रंग येतो. पण तो फार खोल जात नाही आणि झाडाच्या सालीलगतच्या फिकट लाकडावर तर जवळपास चढतच नाही.

आमच्या मंडळातल्या एका तरुणाने मध्यंतरी हात असलेली, पाठ मागे कलणारी मॉरिस खुर्ची आणली. रविवारी सकाळी सँडर, म्हणजे घासायचं यंत्र, लावला. दुपारी फोन आला, "काका, खुर्ची आतून गोरी निघाली हो! आणि एका पायावर तर पांढरा पट्टाच आहे." गेलो, बघितलं. मागच्या आडव्या पट्टीवर लाल शिक्का होता का, असं विचारलं, तर म्हणाला, "हो, कंपाससारखं काहीतरी होतं. तेही निघालं." तो सुताराचा कंपास आणि त्यातलं 'आल्स इक कान' (जमेल तितकं उत्तम) हे स्टिकलीचं चिन्ह! पुढे त्याने बाटलीतला स्टेन, म्हणजे लाकडाचा पातळ रंग, लावला. खुर्ची आता हॉटेलातली वाटते.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रावकाने) ओली केलेली फडकी घ्यायची, आधी मागच्या पायाच्या आतल्या बाजूला करून बघायचं. काळा मळ निघाला की थांबायचं. आठवड्याने गडद मेण, मग हाताने चोळायचं. घाई असेल त्याने आयकियात जावं.

स्टील वूल (घासायची बारीक लोखंडी तार) ओल्या ओकवर कधीच नाही. लोखंडाचे कण आणि टॅनिन मिळून काळेनिळे डाग पडतात.

सांधा हलतोय म्हणून त्यात इपॉक्सी हा पक्का गोंद ओतू नका. जुना सरस गरम पाण्याने सुटतो, इपॉक्सी सुटत नाही. आणि सांध्यात लाकडी खुंटी आहे का ते बघितल्याशिवाय हातोडा उचलू नका.

दुसरी खोड, स्टिकली नाव दिसलं की पैसे मोजणं. गुस्तावच्या भावांची एल. अँड जे. जी. स्टिकली ही कंपनी वेगळी, आणि 1989 पासून त्या नावाखाली जुन्या धाटणीचं नवं फर्निचरही निघतंय. त्याच काळातल्या दुसऱ्या कारखानदारांपैकी लिंबर्टचा शिक्का लाकडात डागलेला असतो, रॉयक्रॉफ्टचा क्रॉस-गोळा कोरलेला. पण शिक्क्याआधी मी खुर्ची उलटी करतो. शंभर वर्षांची धूळ खालच्या कोपऱ्यांत कशी बसते, ते एकदा बघून ठेवा. नवी खुर्ची जुनी भासवायला लावलेली खोटी धूळ सगळीकडे सारखी असते.

खरी खुर्ची बघायची असेल तर न्यू जर्सीतल्याच पार्सिपनीला क्राफ्ट्समन फार्म्समध्ये जा. स्टिकलीचं स्वतःचं लाकडी ओंडक्यांचं घर, आता संग्रहालय आहे. तिथे खुर्च्यांना हात लावू देत नाहीत, ते बरंच आहे.