बस्ता बांधायच्या आधी: गावातला बालविवाह कसा थांबवायचा

हळद लागली, पंगती बसल्या आणि मग पोलिसांची गाडी आली, अशा बातम्या आपण वाचतो. ते लग्न त्या दिवसापुरतं थांबतं. पण तोवर बापाने कर्ज काढलेलं असतं, पाव्हणे जमलेले असतात आणि भावकीसमोर मान खाली गेलेली असते. तो सगळा राग मुलीवर निघतो. पुढच्या महिन्यात तिला सीमेपलीकडे, कर्नाटकात, कुणा नातेवाइकाकडे नेऊन गुपचूप अक्षता टाकल्या जातात. म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या भोगावतीकाठच्या माझ्या गावात अंगणवाडी सेविका म्हणून काम करताना मी एकच धरून बसलेय: लग्न ठरण्याच्या बेतात असतानाच थांबवायचं. सुपारी फुटायच्या आधी जमलं तर उत्तम, निदान गांधीनगरच्या कापडबाजारात बस्ता बांधायला जाण्याआधी तरी. आशाताई, शिक्षक, पोलीस पाटील यांनी हे वाचावंच, पण शेजारणीने आधी वाचावं. पहिली खबर तिलाच असते.

सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावीचा प्रवेश होईपर्यंतचा. वाडीवर कॉलेज नसतं, एसटीच्या वेळा जुळत नाहीत आणि "घरात बसून काय करणार पोरगी?" हा प्रश्न सुरू होतो. दुसरा काळ तुळशीच्या लग्नानंतरचा. या दिवसांत डोळे उघडे ठेवा. नियमित येणारी मुलगी एकदम शाळेत दिसेनाशी झाली, तिचा मोबाईल काढून घेतला, घरचे आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करायला धावले किंवा तिला अचानक मावशीकडे 'राहायला' पाठवलं, तर विचारपूस करा. यातली एखादी गोष्ट साधी असू शकते. दोन-तीन एकत्र दिसल्या की थांबू नका.

आधी वयाचा कागद मिळवा, कारण सगळं त्यावर उभं राहतं. मुख्याध्यापकांना भेटून शाळेचं जनरल रजिस्टर उघडायला सांगा. त्यात मुलीच्या नावापुढे जन्मतारीख अंकात लिहिलेली असते आणि अक्षरातही. अंक एखाद्या वेळी खोडून गिरवलेला दिसेल, अक्षरातली तारीख सहजी बदलता येत नाही. दोन्ही ताडून बघा आणि त्या नोंदीचा दाखला बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला मिळेल असं बघा. शाळेची नोंद नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद. घरचे आधार कार्ड पुढे करतात, पण आधार हा ओळखीचा पुरावा आहे, वयाचा नव्हे. मुलगी 18 आणि मुलगा 21 पूर्ण, याच्या आत एक दिवस जरी कमी असला तरी तो बालविवाह.

मग मुलीशी बोला, पण आई-आजीच्या देखत अजिबात नाही. त्यांच्यासमोर ती "मला चालतंय" एवढंच म्हणेल. मी लोहाच्या गोळ्या द्यायच्या निमित्ताने किंवा आशाताईंबरोबर हिमोग्लोबिन तपासायच्या निमित्ताने मुलीला अंगणवाडीत बोलावते. वजनकाट्यावर उभी असताना सहज विचारते, "अकरावीला कुठं घेणार गं?" उत्तर यायला वेळ लागला की कळतं. तिला 1098 हा नंबर तोंडपाठ करायला लावा. कागदावर लिहून देऊ नका, घरात सापडला तर तिचीच पंचाईत. हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास मोफत चालतो, आणि जिवावर बेतलं तर 112.

आता घर. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कायद्याने तोंड उघडलं की समोरचा दार लावून घेतो, म्हणून कायदा पिशवीत ठेवून जा. बाप म्हणतो, "बाई, स्थळ चांगलं आलंय, हुंडा नको म्हणत्यात. असं पुन्हा मिळतंय व्हय?" आई गप्प असते आणि तुम्हाला सोडायला उंबऱ्यापर्यंत आली की खरं बोलते: "उद्या कुणाबरोबर पळून गेली तर आम्ही तोंड कुठं दाखवायचं?" माझ्या अनुभवात गरिबी आणि हुंड्याइतकीच ही भीती लग्न लावते. तिला उपदेशाने उत्तर मिळत नाही, सोयीने मिळतं. मुलींना एसटीचा पास मोफत असतो, तो काढून द्या. त्याच वाटेने जाणाऱ्या चार मुली एकत्र जातील असं जुळवा. लांबचं कॉलेज असेल तर समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज भरून द्या. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली, ते याच कोल्हापुरात. वसतिगृहात राहून शिकणं आपल्याकडे नवं नाही, हे आजोबांच्या वयाच्या माणसाला पटतं.

घरचे ऐकायच्या मनःस्थितीत असतील तर "मोडू नका, 18 नंतर बघा" असं म्हणा. काही कार्यकर्त्यांना हे पटत नाही. मला पटतं, कारण त्या दोन वर्षांत मुलगी बारावी होते आणि स्वतःचं मत सांगायला शिकते. मात्र साखरपुडा करून ठेवायला संमती देऊ नका. एकदा कुंकू लावलं की मुलाकडचे तगादा लावतात.

घरचे ऐकत नसतील तर मग कागद. 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे. आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, म्हणून लेखी अर्ज त्यांच्याकडे द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. एका गावात वरच्या पदावरच्या माणसाने "बघतो" म्हणून मला चार दिवस बसवलं होतं. तेव्हापासून मी अर्जाबरोबरच 1098 ला कळवते. नाव सांगायचं नसेल तरी चालतं. जिचं लग्न लावायला निघालेत अशी अल्पवयीन मुलगी ही बाल न्याय कायद्यानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालक ठरते, म्हणजे तिला बालकल्याण समितीपुढे नेता येतं. समितीपुढे आई-वडील हमीपत्र लिहून देतात. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवून घ्या.

एक वाट फार कमी लोकांना माहीत असते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून लग्नाला मनाई हुकूम मिळतो. अधिकाऱ्याबरोबरच, ज्याला लग्नाची खात्रीलायक माहिती आहे असा कोणीही तक्रार करू शकतो, आणि घाई असेल तर समोरच्याला नोटीस न देताही तात्पुरता हुकूम निघतो. तो मोडून लावलेलं लग्न कायद्याने झालंच नाही असं धरलं जातं. सीमेपलीकडे जाऊन अक्षता टाकायचा बेत कळला की हाच कागद कामाला येतो.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. नवरदेव सज्ञान असेल तर त्याला, लग्न लावणाऱ्याला आणि लावू देणाऱ्या पालकांना. बाईला मात्र, म्हणजे आईला, लग्न लावू दिलं म्हणून कैद होत नाही. हे घरी सांगा, आई बोलती होते. भटजी, मंगल कार्यालयवाले, मांडववाले, पत्रिका छापणारे यांनाही सांगा. आमच्या भागातल्या एका छापखान्यात वधूचा शाळेचा दाखला बघितल्याशिवाय पत्रिका छापत नाहीत. त्याचा उपयोग माझ्या दहा बैठकांपेक्षा जास्त होतो.

ऊसतोडीच्या टोळ्यांकडे वेगळं लक्ष द्या. दिवाळीच्या पुढेमागे मराठवाड्यातून कुटुंबं येतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर, म्हणजे जोडप्यावर मिळते, आणि मुलीला गावी एकटं ठेवायची भीती असते. या दोन्हींमुळे सोळाव्या वर्षी लग्न लावून तिला फडात आणलं जातं. खोप्यांवर लसीकरणाला जाल तेव्हा नव्या नवरीचं वय विचारा. ती आपल्या गावची नाही असं म्हणून सोडू नका, ती आता आपल्याच शिवारात आहे.

लग्न होऊन गेलं असेल तरी हात झटकू नका. बालवयात लग्न झालेल्या मुलीला 20 वर्षं पूर्ण होईपर्यंत ते रद्द करून घेण्यासाठी जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. पोटगी मागता येते. मूल झालं असेल तर ते कायद्याने औरसच राहतं. कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे स्त्रियांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि 18 च्या आतल्या बायकोशी शरीरसंबंध हा बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलंय.

"आता कोण करतं हो बालविवाह?" हे मला ग्रामसभेत ऐकावं लागतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के बायकांचं लग्न 18 च्या आत झालेलं आढळलं. जगात दरवर्षी सुमारे 1 कोटी 20 लाख मुलींची अशी लग्नं होतात, असं युनिसेफ सांगतं, आणि 2030 पर्यंत ही प्रथा संपवायचं सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय. मलावीत थेरेसा काचिंदामोटो या बाईने पारंपरिक प्रमुख झाल्यावर हाताखालच्या गावप्रमुखांकडून बालविवाह बंदीचा करार करून घेतला, शेकडो लग्नं रद्द केली आणि मुली शाळेत परत पाठवल्या. गावाने ठरवलं की होतं, याचा दाखला आपल्या शिरोळ तालुक्यातही आहे. हेरवाडच्या ग्रामसभेने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं.

तसाच ठराव आपल्या ग्रामसभेत आणा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, जी तारीख पुढे असेल ती धरा आणि त्याआधी महिला सभेत विषय घ्या. गावात कुठलंही लग्न ठरलं की वधू-वरांच्या वयाचा दाखला ग्रामपंचायतीत दाखवायचा, दाखल्याशिवाय गावचा मांडव, भांडी आणि समाजमंदिर द्यायचं नाही, आणि दहावी झालेल्या प्रत्येक मुलीच्या अकरावी प्रवेशाची नोंद जुलैपर्यंत शाळेने ग्रामपंचायतीला द्यायची, एवढं त्यात लिहून घ्या. ठरावाची प्रत पोलीस पाटील, शाळा आणि आचाऱ्यांपर्यंत पोचवा, आणि एक प्रत दूध डेअरीच्या भिंतीवर लावा, तिथे सकाळ-संध्याकाळ सगळं गाव येतं.