जुने लष्करी हातमोजे ओळखताना या चुका टाळा

बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरताना जाड चामड्याचे, लांब कफाचे हातमोजे हाती लागतात. आत बाणाचा शिक्का असतो आणि विक्रेता म्हणतो, "ब्रिटिश टायमचा माल आहे, दादा." बहुतेक जण इथेच फसतात.

बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण, हे खरं. पण आपल्या लष्करानं ती सोडलेली नाही. कॅम्पात किंवा खडकीत एखाद्या लष्करी गाडीची नंबरप्लेट बघा: वर टोक असलेला बाण आणि शेजारी वर्षाचे दोन आकडे. म्हणजे नुसत्या बाणावरून माल १९४७ च्या आधीचा की नंतरचा, हे ठरत नाही. बाणाच्या आजूबाजूला काय आहे ते वाचा. बाण 'सी' अक्षराच्या पोटात असेल तर माल कॅनडाचा, दोन 'डी'च्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलियाचा. शिक्क्यात बनवल्याचं ठिकाण म्हणून कानपूरचं इंग्रजी नाव 'सी'नं सुरू होत असेल तर तो बहुधा १९४८ च्या आधीचा, कारण त्या वर्षी स्पेलिंग बदलून 'के' आलं. शिक्का पुसट असेल तर मोबाइलची टॉर्च समोरून मारू नका. ती चामड्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा, दबलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात.

दुसरी चूक मी अनुभवी संग्राहकांनाही करताना पाहिली आहे: नमुन्याचं वर्ष हेच बनवल्याचं वर्ष समजणं. अमेरिकन हातमोज्यावर 'एम-१९४९' लिहिलेलं असेल, तर तो नमुना त्या वर्षीचा. जोडी पुढे कितीतरी वर्षांनी शिवलेली असू शकते. खरी तारीख कंत्राटाच्या क्रमांकात असते. 'डीएसए-१००' (डीएसए म्हणजे अमेरिकेची संरक्षण पुरवठा संस्था) यानंतर ६७ असेल, तर कंत्राट १९६७ या आर्थिक वर्षातलं. अमेरिकन लेबलावरचा साठा क्रमांक, म्हणजे सरकारी साठ्यातल्या वस्तूचा ओळख क्रमांक, ११ अंकी असेल तर तो १९७४ मध्ये पद्धत बदलण्याआधीचा, १३ अंकी असेल तर नंतरचा.

लेबलच नसेल तर? मग जोडीतला सर्वांत नवा भाग शोधा. जोडी त्याहून जुनी ठरत नाही. आजच्यासारख्या चेनचं पेटंट १९१७ चं, त्यामुळे चेन लावलेला 'पहिल्या महायुद्धातला' हातमोजा संशयास्पद. नायलॉन १९३८ मध्ये जाहीर झालं, वेल्क्रो तर पन्नाशीच्या दशकातलं. मात्र दुरुस्तीनं घोळ होतो, म्हणून शिवणीजवळ भिंग धरा. नव्या दोऱ्याच्या शेजारी सुईची रिकामी भोकं दिसली, तर चेन किंवा अस्तर नंतर बदललंय, हातमोजा जुना असू शकतो.

निळसर अतिनील टॉर्चखाली दोरा चमकला की माल नवा, असंही लगेच ठरवू नका. डिटर्जंटमधली उजळवणारी रसायनं कापडात राहतात, त्यामुळे जुना पण धुतलेला दोराही चमकतो. धुण्याचा साबण सहसा न पोचणारा, शिवणीच्या आतला भाग तपासा.

आता तेलाबद्दल. सुरुवातीला मी एका कोरड्या जोडीला मऊ करायला तिळाचं तेल चोळलं होतं. चामडं काळवंडलं आणि कफाच्या आतला शाईचा शिक्का कायमचा गेला. त्या जोडीचं वर्ष मला आजही सांगता येत नाही, याची रुखरुख आहे. म्हणून आधी प्रत्येक खुणेचा फोटो, मगच मऊ कोरड्या ब्रशनं झटकणं. चामड्याची लालसर भुकटी हाताला लागत असेल तर त्याला पाणी, पॉलिश काहीच लावू नका. ते आतून कुजलंय आणि ओलाव्यानं आणखी काळं पडतं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर बुरशी धरते. जोडी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका. बोटांत पांढरा टिश्यू पेपर सैल भरून, सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि ऊन न लागणाऱ्या हवेशीर जागी दर पंधरा दिवसांनी उघडून बघा.