रोटालाचे शेंडे बारीक होतायत? खताची बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

सुरुवातीचे काही महिने प्लँटेड टाकी, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी, जोरात वाढते, दर आठवड्याला कात्री चालवावी लागते. मग हळूहळू रोटाला या पाणवनस्पतीचा शेंडा बारीक होतो, लुडविजियाची खालची पानं गळतात, लाल रंग उतरतो, हायग्रोफिलासारखं कुठेही तगणारं झाडसुद्धा जागच्या जागी थांबतं. अशा टाकीचा फोटो कुणी दाखवला की पाठोपाठ प्रश्न येतोच, ‘कुठलं खत टाकू?’

याच टाकीत, याच खतावर ही झाडं चार महिन्यांपूर्वी वाढत होती. मग त्यानंतर काय कमी झालं, ते आधी शोधा. काहीतरी नवीन टाकायची घाई हीच मला सगळ्यात मोठी चूक वाटते, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

सिलिंडर चालू आहे म्हणजे झाडाला गॅस मिळतोय, असं समजणं

झाडाच्या सुक्या वजनात चाळीस टक्क्यांहून जास्त कार्बन असतो. तो मिळावा म्हणून सिलिंडरमधून टाकीत सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यामुळे वाढ मंदावली की मी पहिला हात सीओटूच्या रेग्युलेटरला (गॅस कमी-जास्त करणाऱ्या भागाला) लावतो. ‘सेकंदाला दोन बबल सोडतो’ या उत्तराला काही अर्थ नाही. प्रत्येक बबल काउंटरचा (बुडबुडे मोजायच्या नळीचा) बबल वेगळ्या आकाराचा असतो आणि गॅसचे बारीक बुडबुडे करणारा डिफ्यूझर शेवाळाने चोंदला की तेवढाच गॅस मोठे बुडबुडे होऊन सरळ वर निघून जातो.

ड्रॉप चेकर म्हणजे पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी काचेची छोटी कुपी: निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे पुरेसा. तो लावलेले लोक तरी सुरक्षित असतील, असं वाटेल. पुण्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांच्या चार फुटी टाकीत ड्रॉप चेकर कायम हिरवागार असायचा आणि रोटाला मात्र महिन्यामहिन्याने रोड होत होती. त्यांनी लोह वाढवलं, पोटॅशियम वाढवलं, दुसरा एलईडी बसवला. शेवटी शेवाळ आलं. ड्रॉप चेकरमध्ये काय भरलंय, असं विचारल्यावर कळलं, टाकीतलंच पाणी आणि त्यात इंडिकेटरचे तीन थेंब.

ड्रॉप चेकरचा रंग आतल्या पाण्याच्या केएचवर, म्हणजे कार्बोनेट क्षारांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. आत ४ डिग्री केएचचं द्रावण असेल तरच हिरवा रंग म्हणजे साधारण ३० पीपीएम (लिटरला ३० मिलिग्रॅम) सीओटू. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ, म्हणजे कमी केएचचं. आत २ केएचचं पाणी असेल, तर तोच हिरवा रंग १५ पीपीएमलाच दिसतो. म्हणजे झाडं निम्म्या गॅसवर जगत होती आणि काचेचा तुकडा सगळं उत्तम असल्याचं सांगत होता.

पुढचा भाग जास्त वाईट. एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले, पाणी बोअरचं. त्यांनी नेहमीसारखं पाणी बदललं आणि ड्रॉप चेकरही त्याच पाण्याने भरला. आता टाकीचा केएच १० च्या आसपास होता, आणि एवढ्या केएचला हिरवा रंग यायला ७५ पीपीएम लागतात. चेकर निळा दिसला म्हणून ते व्हॉल्व्ह उघडत गेले. संध्याकाळी टेट्रा मासे पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड काढून होते, आणि त्यातले बरेच वाचले नाहीत. चार केएचच्या द्रावणाची बाटली स्वस्त मिळते आणि खूप महिने पुरते. तेवढ्यावर काटकसर करू नका.

माझी पद्धत अशी: लाईट लागण्याआधी दोन तास गॅस सुरू, लाईट जाण्याआधी तासभर बंद. चेकरचा रंग तास-दोन तास मागे असतो, त्यामुळे गॅसमध्ये बदल केला की त्या दिवशी पुन्हा हात लावत नाही. प्रत्येक जोडावर महिन्याला साबणाचा फेस लावून गळती बघतो. डिफ्यूझर पातळ ब्लीचमध्ये भिजवून भरपूर धुतो आणि डीक्लोरिनेटरच्या (क्लोरीन घालवणाऱ्या द्रावणाच्या) पाण्यात ठेवूनच परत लावतो.

फिल्टर विसरणं

टाकीतलं पाणी फिल्टर फिरवतो. मागच्या कोपऱ्यातली पानं हलत नसतील, तर तिथे गॅस आणि खत दोन्ही पोचत नाही. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली नको.

लाईट वाढवणं

वाढ थांबलेल्या टाकीत लाईट वाढवला की झाडाची मागणी वाढते, पुरवठा तोच राहतो. मध्ये शेवाळ घुसतं. सात-आठ तास पुरे.

शेतीचं खत टाकीत ओतणं

कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचं मिश्र खत) आणून टाकीत घालणारे दरवर्षी भेटतात. त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. आपलं बोअरचं पाणी अल्कलीधर्मी, पीएच ८ च्या आसपास. अशा पाण्यात अमोनिया माशांना फार लवकर मारतो. त्याच दुकानातलं १३:००:४५ हे पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ हे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, द्राक्षवाल्यांच्या रोजच्या ओळखीचं. ही दोन चालतात, पण चमच्याने अंदाजे नाही. १०० लिटर पाण्यात १.६ ग्रॅम १३:००:४५ घातलं की नायट्रेट साधारण १० पीपीएमने वाढतं. सोनाराच्या धर्तीचा छोटा डिजिटल काटा घ्या.

कमतरता ओळखायची ती पानाच्या वयावरून. नत्र, पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी पडलं, तर झाड जुन्या पानांतून ते काढून शेंड्याला देतं, म्हणून जुनी पानं पिवळी पडतात किंवा त्यांना भोकं पडतात. लोह आणि कॅल्शियम झाडाला असं हलवता येत नाही, म्हणून त्यांची कमतरता नव्या शेंड्यात दिसते. लोह विरघळलेलं ठेवायला त्याला ईडीटीए किंवा डीटीपीए हे रसायन जोडलेलं असतं. बोअरच्या पाण्यात ईडीटीएवालं लोह टिकत नाही, डीटीपीए घ्या.

फक्त शेंडे उडवत राहणं

हा माझा दुसरा जिव्हाळ्याचा विषय. स्टेम प्लँटची, म्हणजे रोटालासारख्या उभ्या खोडाच्या झाडांची झुडपासारखी छाटणी करत राहिलात, की वर दाट छत तयार होतं आणि खाली उजेड जात नाही. खालची पानं सडतात, खोड काळपट आणि पोकळ होतं, आणि पुढचे फुटवे त्याच थकलेल्या बुडख्यावर येतात. मग लोक म्हणतात, झाडाला काहीतरी कमी पडतंय.

दोन-तीन छाटण्यांनंतर मी अख्खा पुंजका उपटतो. वरचे चार-पाच इंची निरोगी शेंडे ठेवतो, खालच्या दोन पेरांची पानं काढून तेवढा भाग सॉइलमध्ये (टाकीच्या तळाच्या पोषक मातीत) रोवतो, दोन कांड्यांत बोटभर जागा सोडतो. जुनी बुडखी फेकून देतो. यानंतर टाकी काही आठवडे उघडीबोडकी दिसते, आणि नेमकं तेच नवशिक्यांना सहन होत नाही. भरगच्च टाकी ताबडतोब हवी असते, म्हणून ते सडकी बुडखी जपतात. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने खोड चिरडतं आणि तिथूनच कुजतं.

आणखी थोडं

‘लिक्विड कार्बन’ नावाने मिळणारं द्रव म्हणजे बहुतेक वेळा ग्लुटराल्डिहाइड हे जंतुनाशक रसायन. तो शेवाळ मारतो, सीओटूची जागा घेत नाही, आणि व्हॅलिसनेरिया ही लांब पानांची पाणवनस्पती वितळवतो.

नुसत्या आरओ पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतं, ते वेगळं घालावं लागतं. मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी टाकीत अजिबात नको.

सॉइल जुना झाला असेल, तर मुळाशी रूट टॅब (खताची गोळी) खोचा.

नव्याने आणलेल्या झाडाची पानं पहिल्या काही आठवड्यांत गळत असतील, तर घाबरू नका. नर्सरीत ती बरेचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यातली पानं नव्याने येतात.

उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात गॅस कमी विरघळतो. पंखा लावून पाणी थंड ठेवता येतं, पण बाष्प होऊन गेलेल्या पाण्याची भर आरओनेच घाला, कारण क्षार मागेच राहतात आणि बोअरचं पाणी ओतत राहिलात तर केएच चढत जातो.

आणि काहीही बदललंत, तर एका वेळी एकच बदला. भोक पडलेलं जुनं पान भरून येत नाही, ते कापून टाका. दोन आठवड्यांनी फक्त नवा शेंडा बघा. आधीच्यापेक्षा रुंद असेल, तर बदल तसाच ठेवा. नसेल, तर तो मागे घ्या आणि पुढच्या कारणाकडे वळा.