जेनेटिक्सच्या पहिल्या वर्षात या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईच्या कॉलेजांमधून बायोटेक्नॉलॉजीला येणारी मुलं मेहनती असतात, व्याख्या तोंडपाठ असतात, तरी पहिल्या सेमिस्टरला मार्क त्याच त्या जागी जातात. 25 टक्के हा आकडा लक्षात राहतो, पण तो कशाचा हे सुटतं. जीएजीसारखी डीएनएची तीन अक्षरं लक्षात राहतात, पण कोणत्या टोकाकडून वाचायचं हे सुटतं. यातली शक्यतेची चूक मला सगळ्यात जास्त खटकते, म्हणून ती आधी.

'चार मुलांपैकी एकाला आजार होईल'

आई आणि वडील दोघेही बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे वाहक (एक प्रत सदोष, पण स्वतः आजारी नाहीत) असतील तर पनेट स्क्वेअरमध्ये, म्हणजे आई-वडिलांच्या जनुकांच्या जोड्या मांडायच्या तक्त्यात, चार चौकोन येतात आणि त्यातला एक आजाराचा. त्या चौकोनांना मुलं समजू नका. एकेक चौकोन म्हणजे एकाच गर्भधारणेतली एकेक शक्यता. प्रत्येक गर्भधारणेत आजाराची शक्यता 25 टक्के, आणि ती दर वेळी नव्याने तेवढीच. पहिल्या बाळाला थॅलेसेमिया मेजर (आजाराचं गंभीर रूप) झाला म्हणून दुसरं सुटतं असं अजिबात नाही.

एकदा स्वतः गणित करून बघा. चार मुलं असलेल्या अशा जोडप्याच्या एकाही मुलाला आजार नसण्याची शक्यता 0.75 चा चौथा घात, म्हणजे सुमारे 32 टक्के. चारपैकी नेमक्या एकालाच आजार असण्याची शक्यता सुमारे 42 टक्के. म्हणजे 'चारातला एक' हे उत्तर अशा निम्म्याहून अधिक कुटुंबांत चुकीचं ठरतं.

याचाच पुढचा प्रश्न: आजारी मुलाचा धाकटा भाऊ निरोगी आहे, तर तो वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेक जण निम्मी लिहितात. पण तो आजारी नाही हे आपल्याला आधीच कळलंय, म्हणजे तो एक चौकोन बाद झाला. उरलेल्या तिनांतले दोन वाहकाचे, म्हणून उत्तर दोन तृतीयांश.

सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण जास्त आढळतं आणि उल्हासनगर आपल्याच जिल्ह्यात आहे. घरात कुणाचं लग्न ठरलं की बायोटेक शिकणाऱ्या भाचीलाच प्रश्न विचारला जातो. तिथे चुकीचं उत्तर गेलं तर नुसता मार्क जात नाही. उत्तर येत असलं तरी पुढचा सल्ला एकच द्या: दोघांनी लग्नाआधी रक्त तपासून घ्यावं.

'प्रभावी म्हणजे जास्त आढळणारं'

रक्तगट ओ अप्रभावी आहे, तरी तो आपल्या आजूबाजूला सर्रास दिसतो. उलट, हाताला सहावं बोट येण्याचे काही प्रकार प्रभावी आहेत, पण वर्गात असं बोट क्वचितच दिसेल. दोन अलील (एकाच जनुकाची, म्हणजे जीनची, वेगवेगळी रूपं) एकत्र आले तर कोणाचा गुण बाहेर दिसेल, एवढंच 'प्रभावी' या शब्दातून कळतं. लोकसंख्येत तो अलील किती पसरलाय, हा वेगळा हिशोब.

रक्तगटाच्या गणितात आणखी एक खाच आहे. 'आई-वडील दोघांचा गट ओ, मूल ए गटाचं' असं दिलं की मुलं लगेच 'अशक्य' लिहून मोकळी होतात. पण 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ज्याची नोंद केली तो बॉम्बे रक्तगट आठवा. ए आणि बी अँटिजेन (लाल पेशींवरच्या, गट ठरवणाऱ्या खुणा) तयार होतात एच अँटिजेनवर. एच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या तर अंगात ए चा अलील असूनही साध्या तपासणीत गट ओ दिसतो, आणि तो अलील मुलाकडे मात्र जातो. अशा व्यक्तीला नेहमीचं ओ रक्तसुद्धा चालत नाही, कारण तिच्या रक्तात एचविरुद्ध अँटिबॉडी असतात. कोडं सुटत नसेल तर आधी एचकडे बघा.

'तिच्यात कॅन्सरचा जीन आहे'

बीआरसीए-1 हा जीन आपल्या सगळ्यांकडे आहे, 17 व्या गुणसूत्रावर. तुटलेला डीएनए दुरुस्त करायला तो मदत करतो. कॅन्सरचा धोका वाढतो तो त्यातल्या घातक बदलामुळे. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात कॅन्सरच्या आनुवंशिकतेवर काम चालतं. तिथे भेटीला गेलात तर प्रश्न विचारताना जीन आणि जीनमधला बदल यांत फरक करा.

टोकं न बघता वाचणं

डीएनएच्या धाग्याच्या दोन टोकांना पाच-प्राइम आणि तीन-प्राइम म्हणतात. प्रश्नात साच्याचा धागा (ज्यावरून एम-आरएनए ही प्रत बनते) पाच-प्राइम ते तीन-प्राइम असा दिलाय: सीएटी. मुलं अक्षरासमोर अक्षर लिहून जीयूए देतात आणि तक्त्यात व्हॅलिन हे अमिनो ॲसिड शोधतात. साचा तीन-प्राइमकडून वाचला जातो, त्यामुळे एम-आरएनए पाच-प्राइमकडून एयूजी, म्हणजे मेथिओनिन. पेपरात प्रत्येक धाग्याच्या दोन्ही टोकांना 5 आणि 3 लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सिकल सेल या रक्ताच्या आजारात कोडॉन (एका अमिनो ॲसिडसाठीची तीन अक्षरं) जीएजीचा जीटीजी होतो, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं. एका पुस्तकात ही जागा सहावी, दुसऱ्यात सातवी दिसली तर गोंधळू नका. सुरुवातीचं मेथिओनिन मोजलं की सात, वगळलं की सहा.

प्रॅक्टिकलला काही दिसत नाही तेव्हा

कांद्यातून डीएनए काढताना धागे आले नाहीत तर आधी अल्कोहोल तपासा. मे महिन्यात प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवलेलं अल्कोहोल थंड राहत नाही; फ्रीजरमधून काढून लगेच, परीक्षानळीच्या कडेने सावकाश सोडा. कांदा मिक्सरमध्ये फार वेळ फिरवला तरी डीएनएचे तुकडे होतात. आणि जो पांढरा पुंजका येतो त्याला शुद्ध डीएनए लिहू नका, त्यात आरएनए, प्रथिनं आणि पेक्टिनही असतं. 260 आणि 280 नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर 1.8 च्या आसपास आलं तर डीएनए बऱ्यापैकी स्वच्छ. बरंच खाली गेलं तर प्रथिनांची भेसळ असण्याची शक्यता.

विजेच्या प्रवाहाने डीएनएचे तुकडे वेगळे करायच्या जेलमध्ये डीएनए ऋणभारित असतो, म्हणून विहिरी (नमुना भरायचे खळगे) काळ्या म्हणजे ऋण टोकाकडे, धाव लाल म्हणजे धन टोकाकडे. वायर उलट्या लावल्या तर नमुना मागच्या कडेने बफरमध्ये निघून जातो. ॲगॅरोज बफरऐवजी नुसत्या पाण्यात वितळवलं तर जेल दिसायला छान होतं, पण पट्ट्या नीट धावत नाहीत.

पट्ट्या दिसल्याच नाहीत तर आधी लॅडर, म्हणजे शेजारी चालवलेला माहीत लांबीच्या तुकड्यांचा नमुना, बघा. लॅडरही नसेल तर दोष रंगात, करंटात किंवा जेलमध्ये. लॅडर दिसतंय आणि तुमचा नमुना नाही, तर डीएनए काढण्याच्या पायरीवर परत जा.